माश्या पाळणारे डॉक्टर

माझ्या दुकानात कापड बघायला आजवर हजारो माणसं आली. माश्या बरोबर घेऊन आलेलं गिऱ्हाईक एकच.

दाजीबानपेठेतलं आमचं दुकान आजोबांपासूनचं. ते मिरजेकडून पाठीवर गठ्ठा घेऊन आले आणि हुबळीचेच झाले. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, तेही मास्तर घरी येऊन धरून न्यायचे म्हणून. पण कापडात मला कुणी शिकवू नये. डोळे मिटून बोट लावलं की मलमल कुठली, व्हॉईल कुठलं, खळ किती, सांगतो. आता वय झालं, डोळे आपोआपच मिटतात, तरी सांगतो.

तर नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. सकाळची वेळ, बोहनी व्हायची होती. एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस आत आला. निळा शर्ट, विजारीला सायकलची क्लिप, आणि वरच्या खिशात जिथं लोक पेन लावतात तिथं काचेची नळी. मला म्हणाला, "अण्णा, ज्यातून वारा जाईल, उजेड जाईल, पण माशी जाणार नाही असं कापड द्या."

मी मच्छरदाणीचा तागा काढला.

"ही भोकं म्हणजे तिला वेशीचा दरवाजा आहे," म्हणाला, आणि पिशवीतून बाटली काढून गादीवर ठेवली. आत पांढरं भुरभुरीत काहीतरी उडत होतं. पिठाचे कण जिवंत झाले तर दिसतील तसं.

"हे काय?"

"पांढरी माशी. माझ्या आहेत."

म्हशी माझ्या आहेत म्हणावं, तसं म्हणाला. मग माझ्याकडून एकेका कापडाचा तुकडा मागून घेतला, बाटलीच्या तोंडाला दोऱ्यानं बांधला, बाटली उलटी केली आणि दुकानाच्या दारात उजेडाकडं धरून उभा राहिला. जी निसटेल तिला खिशातल्या नळीनं तोंडानं ओढून परत आत. गिऱ्हाइकं पायरीवरूनच मागं फिरली. एक बाई म्हणाली, "काय हो अण्णा, दुकानात रोगराई बसवलीय की काय?"

"रोगराईच आहे की," हा बाटलीवरची नजर न हलवता म्हणाला. "पण मिरचीची. माणसाला काही नाही."

शेवटी एक बारीक विणीची मलमल त्याच्या माश्यांना पसंत पडली. म्हणजे त्यांना तिच्यातून जाता येईना. मी सहज शेजारचा पिवळा तागा पुढं केला, हाच माल आहे, उठून दिसेल म्हणून. तो दचकून मागं सरला. "पिवळं नको! पिवळं दिसलं की ह्या झाडाला विसरतात आणि तिथंच जाऊन बसतात. पांढरीच द्या."

असे आमचे डॉक्टर. धारवाडात सप्तापुरात भाड्याच्या घरात राहायचे आणि एका संशोधन केंद्रात मिरचीच्या रोगावर काम करायचे. मी त्यांना डॉक्टर म्हणायचो म्हणून पेठेतले लोक त्यांना खोकला दाखवायला यायचे. ते कुणाला हाकलून लावायचे नाहीत. नीट ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुम्हाला पानं असती तर सांगितलं असतं."

मिरचीचा रोग म्हणजे मुरडा. पानं आकसतात, वळतात, झाड बोकडाच्या कानासारखं दिसायला लागतं, मग फळ धरत नाही. अमरगोळच्या बाजारात ज्या साली मिरची कमी येते त्या साली माझ्या दुकानातही लुगडं कमी विकतं, एवढं मला ठाऊक होतं. पण रोग कशानं होतो हे डॉक्टरांनी मला सांगितलं.

ज्याचा जो धंदा त्याच्या भाषेत बोलायचं, ही त्यांची खोड. हॉटेलवाल्याला ते विषाणू इडलीच्या साच्यात सांगायचे. मला म्हणाले, "अण्णा, समजा तुमच्या मागावर कुणी परका येऊन बसला. सूत तुमचं, माग तुमचा, हात तुमचे, पण नमुना त्यानं आपला लावला. तर कापड कुणाचं निघेल?"

"त्याचं."

"विषाणू म्हणजे तो परका. त्याच्याकडं माग नाही, सूत नाही. फक्त नमुना आहे. माशी त्याला एका घरातून दुसऱ्या घरात आणून सोडते."

"मग हा जिवंत का मेलेला?"

डॉक्टर म्हणाले, "अजून माझी खात्री नाही."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. चहा हवा का विचारलं तरी हेच. त्यांच्या बाईंनी एकदा आमच्या हिला सांगितलं, "मुलगी पसंत आहे का असं सासऱ्यांनी विचारलं, तेव्हाही हे असंच म्हणाले होते. माझे वडील उठून चालले होते." पुढं त्यांच्याकडं नवं यंत्र आलं. पानातला विषाणूचा नमुना वाढवून दाखवणारं. त्यातला पहिला फोटो घेऊन ते बसनं हुबळीला आले. काळ्या कागदावर पांढऱ्या रेघा, एकाखाली एक. मी म्हटलं, "इरकली काठ आहे की हा." तर माणूस इतका खूश झाला की फोटो दुकानात आरशाला लावून गेला. आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन काढून नेला. का, तर एक रेघ फिकट होती आणि तिच्याबद्दल त्यांची खात्री नव्हती.

आता मुख्य गोष्ट. ती त्या यंत्राच्या आधीची.

डॉक्टरांना झाडांसाठी पिंजरे पाहिजे होते. लाकडी सांगाडा, त्यावर मलमलीची खोळ, आणि हात आत घालायला बाजूला एक बाही. आत मिरचीचं रोप ठेवायचं, रोगाच्या माश्या सोडायच्या आणि झाड टिकतं का बघायचं. खोळी आमच्या ओट्यावर बसणाऱ्या मोदीनसाबनं शिवल्या. पेठेत दुकानदाराला सावकार म्हणतात. मोदीनसाब पहिली खोळ वर धरून म्हणाला, "सावकार, एक बाही का झंपर! पहनेगी कौन?"

"मेणसिनकाई," म्हणजे मिरची, असं डॉक्टर कानडीत म्हणाले, तर मोदीनसाबनं सुई खाली ठेवली आणि पोट धरून हसला.

दोन-तीन वर्षं गेली. डॉक्टरांच्या हाताला एक मिरची लागली. बाकीची मुरडली तरी ही ताठ. माश्या सोडा, परत सोडा, ही ताठच. मी स्वतः धारवाडला जाऊन बघून आलो. हिरवीगार, पानं अशी सपाट की इस्त्री केल्यासारखी. केंद्रातले साहेब खूश झाले. जातीला नाव ठरलं, बियाणं वाढवायला दिलं. उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, अमरगोळला शेतकऱ्यांचा मोठा मेळावा घेऊन ते वाटायचं ठरलं. डॉक्टरांना खात्याचं प्रमुख करणार अशी बोलवा होती. त्यांच्या बाईंनी सप्तापुरात स्वतःची जागासुद्धा बघून ठेवली.

आणि तुळशीचं लग्न झाल्यावर, सराईच्या दिवसांत, डॉक्टर दुकानात सहज येऊन बसले होते. कुंदगोळकडचे लोक मुलीचं लग्नाचं लुगडं घेत होते. घडी बांधायच्या आधी मी डबीत बोट बुडवलं आणि पदराच्या आतल्या कोपऱ्याला हळद लावली. आमच्याकडं नवं वस्त्र हळदीशिवाय अंगाला लागत नाही. आणि आमच्या दुकानातून तर बाहेरच जात नाही. आतल्या बाजूला लावायची, दिसू नये म्हणून.

डॉक्टर बघत होते. लोक गेल्यावर म्हणाले, "अण्णा, हे सगळ्यांनाच लावता?"

"सगळ्यांना."

"शिवलेल्यालासुद्धा?"

"नवं ते नवं."

मग जरा थांबून, "माझ्या खोळींना?"

"म्हणजे काय! तुम्ही काय परके? चारी कोपऱ्यांना लावली, चांगली ठसठशीत. तुमचं काम यशस्वी होऊ दे म्हणून."

त्यांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला. चेहऱ्याचा रंग गेला. मला वाटलं छातीत दुखतंय. म्हणाले, "माश्या कोपऱ्यांत बसतात, हे मी बघत होतो. मला वाटायचं, गारव्याला बसतात."

मी म्हटलं, "बसेनात. काय झालं?"

तेव्हा त्यांनी नीट सांगितलं. साधी मिरची त्यांनी जुन्या पिंजऱ्यांत ठेवली होती, त्यांच्या खोळी घरच्या जुन्या कापडाच्या. ती आजारी पडायची. आणि ही गुणाची मिरची नव्या पिंजऱ्यांत, माझ्या मलमलीत. ती ताठ राहायची. "झाडं वेगळी होती हे मी मोजलं," म्हणाले. "कापड वेगळं होतं हे मोजलं नाही. माश्या झाडावर बसल्याच नसतील तर झाडाचा गुण कसला?"

"हळदीच्या चार ठिपक्यांनी?"

"अजून माझी खात्री नाही. आणि खात्री नसताना बी वाटता येत नाही."

इथं लोक मला विचारतात, अण्णा, तुम्हाला वाईट वाटलं का. मला कशाला वाईट वाटेल? मी रीत केली. पिवळं नको असं ते कापडाबद्दल म्हणाले होते, हळदीबद्दल नाही. डॉक्टरांनीही मला कधी एक शब्द लावला नाही. उलट त्यांनी दुसऱ्या दिवशी येऊन नव्या खोळी सांगितल्या. सगळ्या झाडांना एकाच कापडाच्या, एकाच शिवणीच्या.

"आणि हळद नको."

"ते जमायचं नाही," मी म्हणालो.

"अण्णा, ही माझी इतक्या वर्षांची मेहनत आहे."

"आणि ही माझ्या बापाची रीत आहे. नवं कापड कोरडं दारातून जाणार नाही."

"मग मी दुसऱ्या दुकानातून घेतो."

"जा की. पेठ मोठी आहे."

गेले. तासाभरानं घामाघूम होऊन परत आले. मी पानाला चुना लावत बसलो होतो. न बघताच विचारलं, "काय झालं?"

"सगळे लावतात."

मोदीनसाब मशीनवर वाकून हसत होता. डॉक्टर पायरीवर बसले. मग म्हणाले, "अण्णा, रीत मला नीट सांगा. खोळीला हळद लावायची, का नव्या कापडाला?"

"नव्या कापडाला."

"ताग्याला लावली तर साऱ्या कापडाला लागली?"

मी विचार केला. "लागली."

"मग ताग्याच्या टोकाला लावा. ते टोक कापून तुमच्या देवापुढं ठेवा. बाकीच्याच्या खोळी शिवा."

मी तडजोड करणारा माणूस नव्हे. पण हे खरंच होतं, रीत कुठं मोडत नव्हती. मी ताग्याला हळद लावली, हात जोडले आणि वीतभर पट्टी फाडून घेतली.

"मैं तो यही बोलनेवाला था," मोदीनसाब म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"दो बड्या लोगां झगडते, बीच में दर्जी का क्या काम?"

उन्हाळा लागता लागता डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. मी धारवाडला गेलो. त्यांनी एकेका खोळीची बाही वर करून आत दाखवलं. साधी मिरची मुरडली होती. गुणाची मिरचीही मुरडली होती. सारखीच. डॉक्टर शांत होते. आजारी पानं बोटांनी अशी उलटून बघत होते, जशी मी खराब निघालेल्या मालाची वीण बघतो. रागानं नव्हे, कुठं बिघडलं ते कळावं म्हणून.

"आता?" मी विचारलं.

"आता साहेबांना सांगितलं. ते म्हणतात मेळावा ठरला आहे, पाहुणे ठरले आहेत, चार ठिपक्यांसाठी नाचक्की करू नका. ह्या वर्षी वाटू या, पुढच्या वर्षी बघू."

"मग?"

"पेरल्यावर बघायचं असतं होय अण्णा?" एवढं बोलून ते पुढच्या झाडाकडं गेले.

पुढं डॉक्टरांचं नाव झालं. मिरचीच्या कुठल्या नमुन्यात रोग सोसायची ताकद आहे ते त्यांनी त्या यंत्रावर शोधलं. परदेशातले लोक सप्तापुरात येऊन त्यांच्या ओसरीत पोहे खाऊन गेले. ते सगळं तुम्हाला कुणीही सांगेल. अमरगोळला त्या दिवशी काय झालं ते मी सांगतो, कारण मी तिथं होतो. दुकान बंद ठेवून गेलो होतो, आणि मी दुकान बापाच्या तेराव्यालासुद्धा अर्धाच दिवस बंद ठेवलेलं आहे.

बाजाराच्या आवारात मांडव घातला होता. शेतकरी खच्चून भरले होते, नवलगुंदचे, कुंदगोळचे, थेट ब्याडगीकडचे. व्यासपीठावर बियांची पाकिटं रचलेली, त्यावर झेंडूचे हार. साहेबांचं भाषण झालं. मग डॉक्टरांना बोलायला उभं केलं. त्यांनी कानडीत, एकदम साधं सांगितलं. ही मिरची रोगाला टिकते असं मी म्हणालो होतो. माझ्या तपासणीत चूक होती. परत तपासली तेव्हा ती टिकली नाही. हे बी घेऊ नका.

मांडवात क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. साहेब उठून माईककडं आले. डॉक्टर बाजूला सरले नाहीत. मग मागून एक शेतकरी उभा राहिला. दांडगा, डोक्याला लाल पटका, हातात चाबकाची काठी.

"एनरी डॉक्टर्रे," म्हणजे काय हो डॉक्टर, असं तो ओरडला. "इतकी वर्षं सरकारचा पगार खाऊन काय माश्या मारत बसला होता?"

सगळा मांडव हसला.

"मारत नव्हतो," डॉक्टर म्हणाले. "पाळत होतो."

परत हसू झालं, पण ह्या वेळी वेगळं. पटकेवाला हसला नाही. "मग आम्ही काय पेरायचं? ते सांगा."

"ह्या वर्षी घरचंच पेरा. जे तुमच्या शेतात थोडंफार टिकलं त्याचं बी धरा. माझ्याकडं आज द्यायला काही नाही."

आज द्यायला काही नाही. भर सभेत, साहेबांसमोर, असं म्हणणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. मी चार आण्याच्या रुमालालासुद्धा 'संपला' म्हणत नाही, 'उद्या येतोय' म्हणतो.

मेळावा आटपला. हार पाकिटांवरच राहिले. जेवणाच्या पंगतीत डॉक्टरांच्या शेजारी कुणी बसेना, म्हणून मी बसलो. साहेब समोरून जाताना म्हणाले, "प्रमुखपदाचं आता विसरा." डॉक्टरांनी मान हलवली. मला हळूच म्हणाले, "घरी सांगायचं राहिलंय." वरणाची वाटी मीच पुढं सरकवली.

तेवढ्यात तो पटकेवाला येऊन समोर उकिडवा बसला. जेवणाऱ्या माणसाशी बोलू नये, पण तो बोलला. "डॉक्टर्रे, माझं शेत इथून जवळ आहे, नवलगुंदच्या रस्त्याला. यंदा विहिरीवर उन्हाळी मिरची लावली होती. सगळी गेली. बांधाकडंचं एक झाड मात्र उभं आहे. मुरडतं, पण परत पालवतं. फळही धरलंय."

डॉक्टर पानावरून उठले. भात तसाच. मी म्हटलं, "अहो, जेवून तरी घ्या." ते हात धुवायलासुद्धा थांबले नाहीत, रुमालाला पुसले आणि त्याच्या मोटरसायकलवर मागं बसले. मी माझ्या स्कूटरवर त्यांच्या मागून. भर दुपारचं ऊन, काळी जमीन भेगाळलेली.

झाड होतं खरं. सुकलेल्या ओळींत एकटंच, काही पानं वळलेली, काही नवी, आणि खाली लाल मिरच्या. डॉक्टर गुडघ्यांवर बसले. पान उलटून बघितलं. माश्या होत्या, भरपूर. मग दुसरं पान उलटलं, मग तिसरं. पटकेवाला त्यांच्याकडं बघत उभा.

"एक बियाण्यांचा दलाल ह्या झाडाला पैसे देत होता," तो म्हणाला. "म्हणत होता, पक्का माल आहे, नाव करू. मी दिलं नाही. आता तुम्ही सांगा. हे नक्की टिकतं का?"

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "माश्या नीट चावल्या असतील, नसतील. बांधाकडंला वारा वेगळा असेल. नक्की म्हणायला मला दोन-तीन वर्षं लागतील. आणि तेव्हाही कदाचित नाहीच म्हणेन."

पटकेवाल्यानं काठी बांधाला टेकवली, विळा घेतला आणि झाडाभोवती माती मोकळी करायला लागला.

मी म्हटलं, "अरे, त्यांनी तर नाही म्हटलं!"

"म्हणूनच देतोय, सावकार," तो मान वर न करता म्हणाला. "हो म्हणणारे आमच्याकडं रोज येतात."

मातीच्या गोळ्यासकट झाड निघालं. ठेवायला काही नव्हतं. त्यानं डोक्याचा लाल पटका सोडला, मुळांभोवती गुंडाळला आणि डॉक्टरांच्या हातात दिलं.